निळ्या ताग्याचा दर्या

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, तिथे पाणी म्हणजे विहीर, तीही आटलेली. लग्न होऊन सुरतेला आले, नवरा बमरोलीला रंगाईच्या मिलमध्ये, आणि प्लेगात पळालेली वस्ती परत भरली तेव्हा मी गोडादऱ्यात बालवाडी घ्यायला लागले. दर्या इथून बसने जाण्याइतका जवळ, पण काय सांगू तुम्हाला भाऊ, आमच्या पोरांनी तो पाहिलाच नव्हता, त्यांचं पाणी म्हणजे खोलीमागची खाडी, आज लाल, उद्या हिरवी, मिल सोडेल त्या रंगाची.

मग नवऱ्याने डाग पडलेला निळा तागा आणला. पोरांच्या दोन आया दोन टोकं धरून हलवायच्या, की झाला दर्या. शिंपले म्हणून रिकाम्या बॉबिनी मोजायच्या. पोरं मासे. लाट आली म्हटलं की कापडाखाली गप्प बसायचं, हाक मारली तरी उठायचं नाही, आणि मी जाळं आलं ओरडले की पळत उंच ओट्यावर.

सासू दारात बसून म्हणायची, पोरेस्ले दर्या काय दखाडस व माय, पहिले खाडी देख. आम्ही हसायचो, म्हणायचो, खाडी काय बघायची, ती रोजचीच.

त्या पुनवेला ना पाऊस ना ढग. सकाळीच उंदीर भिंतीवर चढलेले, आणि प्लेगापासून उंदीर दिसला की मी आधी दार लावून घ्यायचे. पुनवेची मोठी भरती खाडीत चढलेली, त्यात मिलने पाणी सोडलेलं. दाराखालून आत आलं, निळं, कोमट. पोरांतली रेखा टाळ्या वाजवत म्हणाली, ताई, लाट आली. आणि सगळी पोरं खाली बसली. डोळे मिटून, गप्प. उठा रे, उठा, मी ओरडतेय, कुणी उठेना, मासा हाकेला उठत नाही हे मीच शिकवलेलं. पाणी छातीशी आलं बसलेल्या पोरांच्या. मग तोंडातून निघालं, जाळं आलं! तशी उठली, पळाली. रेखा तेवढी बसून राहिली, म्हणे मी मोठा मासा, जाळं फाडीन. दंडाला धरून ओढली. पुढे किती दिवस पोरांच्या पायांची साल निघत होती.

मिलचा माणूस आला, म्हणाला, बेन, ए तो भरतीचं पाणी, आमचा काय वांक, काय दोष? मी म्हटलं, साहेब, दर्या इतका निळा तुमच्याच हौदात होतो. तो गेला. खाडी आहे तिथेच आहे, पाणी सोडतातच.

बालवाडी चालू आहे, जाणार कुठे? तागाही आहे, फक्त आता लाट आली म्हटलं की पोरं आधी ओट्यावर चढतात. देव सगळ्यांची पोरं उंचावर ठेवो. आज पुनवच आहे. तुम्हीही पाय वर घेऊन बसा, भाऊ.