रंगखात्यातली टाकी

(गिरगावात ठाकूरद्वारजवळची एक वाडी, तळमजल्यावरील बिऱ्हाडाचे परस. एप्रिल १९६०, सकाळ. पालिकेच्या डास खात्यातला सीताराम एका गोल, उंच लोखंडी टाकीला टेकवलेल्या शिडीवर उभा आहे. निवृत्त संस्कृत शिक्षक अण्णा खाली बाकावर बसले आहेत.)

सीताराम : चार नाय अण्णा, सहा. एका ओगराळ्यात सहा अळ्या. वर या, दाखवतो.

अण्णा : आपण सांगता तेवढं पुरे. परवाच तर तुरटी फिरवली होती.

सीताराम : तुरटीनं गाळ खाली बसतो. अळी मरत नाय. पाणी कधी बदललंत?

अण्णा : गेल्या आठवड्यात.

सीताराम : अण्णा.

अण्णा : असेल. त्याच्या आधीचा आठवडा असेल.

सीताराम : बुचाभोवती गंजाचं कडं धरलंय. होळीपासून ते बूच कोणी काढलेलं नाय. दहा वर्षं टाक्याच बघतोय मी.

अण्णा : मग खरं ऐका. गुडघे वाकत नाहीत. बूच तळाशी आहे. ते काढायला उकिडवं बसावं लागतं, आणि एकदा बसलो की उठवायला कोणी नाही. पूर्वी धोंडू येत असे. बूच काढायचा, आत उतरून काथ्यानं घासायचा, गंज दिसला की शेंदरी रंगाचा हात द्यायचा. तो गावी गेला तो गेलाच. आणि पाणी काढलं तरी भरायचं कसं? नळ सकाळी दीड तास. त्या दीड तासात वाडीतली दहा बिऱ्हाडं घागरी घेऊन उभी, आणि मी माझी रबरी नळी लावून बसणार? पूर्वी लावत होतो. तेव्हा टाकीचं कारण सर्वांना दिसत होतं.

सीताराम : म्हणूनच अर्ज गेलाय.

अण्णा : कसला अर्ज?

सीताराम : वाडीतून. कोणी दिला ते विचारू नका, मी सांगणार नाय. नवीन साहेब आलेत ना, रमाकांतसाहेब, ते सोमवारी स्वतः येतायत. बोलले, एवढी मोठी उघडी टाकी, वापर कुणाचा? नियम दोनच. माणूस अंघोळीला, पोहायला वापरत असेल तर आठवड्याला रिकामी करायची, दिवसभर कोरडी ठेवायची, पाण्यात ब्लीचिंग. माणूस वापरत नसेल तर गप्पी मासे सोडायचे. ते अळ्या खातात, आपल्याला बघायला नको.

अण्णा : दोन्ही करू. ब्लीचिंगही टाका, मासेही सोडा.

सीताराम : ब्लीचिंगमध्ये मासा जगत नाय, अण्णा. एक काय ते ठरवावं लागतं.

अण्णा : ठरवायचं काय त्यात? टाकी वापरातली आहे. तुमच्या कागदावर तसंच आहे ना?

सीताराम : माझ्या कागदावर काय आहे ते मीच लिवलंय. 'वापर करणाऱ्याचं नाव : मृणालिनी. भाडेकरूची मुलगी.' चार वर्षं दर आठवड्याला. तुम्ही सांगायचं, मी लिवायचं.

अण्णा : ती मधून मधून येते.

सीताराम : ह्या शिडीच्या आतल्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. पाय पडला असता तर घासलं गेलं असतं.

अण्णा : उन्हाळ्यात शेवाळ लवकर धरतं.

सीताराम : मी काय कोर्टात नाय बोलत. पण साहेब वर चढणार, त्यांना बी ते दिसणार. आणि मग खोटं माझ्या अक्षरात आहे.

अण्णा : नाही. तुमच्यावर काही येता कामा नये. चूक माझी आहे.

सीताराम : साहेब तर बोलले, टाकी काढून टाका. लागलीच तर ताडपत्रीचा हौद घ्या, चार बांबूंवर बांधायचा, काम झालं की गुंडाळायचा.

अण्णा : तो मी पाहिला होता, सीताराम. लढाई संपल्यावर लष्कराचा माल विकायला निघाला, तेव्हा भायखळ्याला जाऊन हात लावून पाहिला. ताडपत्रीची कड मऊ असते. मृणालिनीचा उजवा पाय बालपक्षाघातानं गेलेला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात सोडा, पाण्यात वजन राहत नाही, पाय हलू लागेल. जिचा एक पाय तिचा नाही, तिला हाताशी घट्ट कड हवी की नको? विटांचा बांधावा, तर घरमालक म्हणाला, कायमचं बांधकाम चालणार नाही. आमच्या मागची विहीर तर तुमच्याच खात्यानं बुजवलेली.

सीताराम : माझ्या आधी. मी तेव्हा नव्हतो.

अण्णा : आपल्याला दोष देत नाही. मग परळच्या एका गिरणीतून ही मिळाली. रंगखात्यातली, कापड बुडवायची. दहा फूट रुंद, साडेपाच फूट उंच. तीन गाडीवानांनी आणली. सहा वेळा धुतली तरी पहिला महिनाभर पाणी निळं होत होतं. पोर बाहेर यायची ती निळसर होऊन. शाळेत मुली तिला गोपाळकृष्ण म्हणत.

सीताराम : आमच्या बापाचे हात तसेच होते. रंगखात्यातच होता. मरेपर्यंत निळे.

अण्णा : हे आपण कधी बोलला नाहीत.

सीताराम : तुम्ही कधी विचारलं? पहिली दोन वर्षं तर मी ओगराळं बुडवून गेलो की तुम्ही सगळी टाकी ओतून द्यायचात.

अण्णा : आपल्याला ठाऊक होतं.

सीताराम : गल्लीत पाणी यायचं ना वाहत. मी पुढच्या घरी पोचायच्या आत माझ्या पायाखाली. पण एक सांगतो, तेव्हा तुमच्याकडं अळी कधी सापडली नाय. ताजं पाणी. आता सापडते म्हणजे सुधारणाच झाली म्हणायची.

अण्णा : थट्टा करा. मला ती सोसायला हवी. ते मी बंद केलं नाही, सीताराम, तिनं करायला लावलं. आपलं ओगराळं बाहेर निघतं न निघतं तोच तिनं पाण्यात अंग टाकलं. पंधरा वर्षांची होती. म्हणाली, अण्णा, आता मलाही ओतून द्या.

सीताराम : मी शिडीवरच होतो. सगळा भिजलो.

अण्णा : तिची आई असती तर तिला समजावता आलं असतं. मला आलं नाही. मग समजावण्याचं सोडूनच दिलं, आणि ते बरं झालं. पण नंतर पुन्हा एकदा समजावायला गेलो.

सीताराम : लग्नाच्या वेळेला.

अण्णा : तिच्या कचेरीतला जगदीश. बडोद्याचा, गुजराती. मुलगा सुशील, कमी बोलणारा. छप्पन सालच्या जानेवारीत, ह्या नाक्यावर गोळ्या सुटल्या त्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं. मी दिवसभर संयुक्त महाराष्ट्राच्या लोकांबरोबर उभा राहून आलो होतो. पायरीवर कोणाचं तरी रक्त होतं. मी म्हणालो, हे नाव आज ह्या घरात उच्चारू नकोस. ती म्हणाली, उद्या उच्चारू? मी म्हणालो, कधीच नको.

सीताराम : आणि ती गेली.

अण्णा : एक ट्रंक घेऊन. सावकाश चालत. तो पाय जिन्यावर अडखळतो, पण सपाटीवर उत्तम चालतो. आता पहिल्या तारखेला आपलं राज्य होईल. ज्यासाठी उभा राहिलो, ते होईल; मला आनंद आहे, खोटं बोलत नाही. आणि बडोदं पलीकडच्या राज्यात जाईल.

सीताराम : गाडी तर जाणारच ना तिकडं. टपाल बी.

अण्णा : टपाल आलं होतं. अडीच वर्षांपूर्वी, पोस्टकार्ड. 'मुलगी झाली. नाव सुमेधा ठेवलं आहे. आपण बरे आहात ना?' एवढंच.

सीताराम : उत्तर काय दिलंत?

अण्णा : नाव चांगलं निवडलं, असं मनात म्हटलं.

सीताराम : मनात.

अण्णा : आणि टाकी घासून घेतली. नवं पाणी भरलं.

सीताराम : अण्णा, बडोद्याला कसं कळणार तुमच्या टाकीत पाणी आहे ते?

अण्णा : ती आली असती तर दिसलं असतं.

सीताराम : माझी सुंदरा नागपूरला दिली. दीक्षेला गेलो होतो ना आम्ही, चाळीतले सगळे, तिथंच सोयरीक जमली. महिन्याला एक कार्ड टाकतो. लिवायला काय नसतं. भोईवाड्यात नळाला पाणी नाय, आईचा खोकला कमी आहे, असलं. ती बी तसलंच लिवते. टाकतो आपलं.

अण्णा : आपण शहाणे आहात.

सीताराम : शहाणा कसला. मला आज हा कागद भरायचाय. बोला. मासे आणू?

अण्णा : मासे सोडले म्हणजे ह्या पाण्यात आता कोणी उतरणार नाही, असं लिहून दिल्यासारखं.

सीताराम : तसंच असतं ते.

अण्णा : एक महिना मिळणार नाही?

सीताराम : खरं नाव पाहिजे. आज ह्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाचं. मग मी ब्लीचिंग टाकतो, सोमवारी सकाळी माझा गडी बूच काढेल, साहेब येतील तेव्हा टाकी कोरडी. पुढलं पुढं.

अण्णा : उतरणार कोण?

सीताराम : तुम्हीच उतरा.

अण्णा : मी?

सीताराम : एकदा. माझ्या डोळ्यांसमोर. मग मी लिवीन, 'भाडेकरू स्वतः', आणि ते खोटं नसेल.

अण्णा : अहो, मला पोहता येत नाही.

सीताराम : मग पोरीला कोणी शिकवलं?

अण्णा : मीच. पुस्तक आणलं होतं. ह्याच बाकावर बसून वाचून दाखवत असे. हात पुढे, तळवे बाहेर, श्वास सोड.

सीताराम : आणि ती शिकली?

अण्णा : ती चांगली विद्यार्थिनी होती.

सीताराम : धन्य आहे. चला, उठा. छातीएवढं पाणी आहे, बुडायचं म्हटलं तरी जमणार नाय. अळ्या आहेत, पण त्या चावत नायत. चावायच्या मोठ्या झाल्यावर. धोतर वर खोचा. ह्या हाताला धरा. नीट धरा, घट्ट.

अण्णा : आपला हात खरखरीत आहे.

सीताराम : रॉकेल आणि ब्लीचिंग. पाय वर. आता दुसरा. तिथं बसा कडेवर, दम घ्या. आता आतल्या पायरीवर, शेवाळ आहे, हळू. सोडू?

अण्णा : थांबा. हं. सोडा.

सीताराम : कसं वाटतंय?

अण्णा : गार आहे. आणि, सीताराम, गुडघा दुखत नाही. अजिबात दुखत नाही.

सीताराम : डॉक्टर बोललेच होते तुमचे. उभे राहा तसेच. मी खाली उतरून लिवतो, शिडीवर लिवता येत नाय.

अण्णा : लिहा.

सीताराम : 'वापर करणाऱ्याचं नाव…' हेरंब. पुढं?

अण्णा : हेरंब विष्णू गद्रे.

सीताराम : 'गद्रे. वय?'

अण्णा : सदुसष्ट. सीताराम, आपण कुठे आहात?

सीताराम : बाकावर. इथंच.

अण्णा : मला दिसत नाही.

सीताराम : कसा दिसणार? कड डोक्याच्या वर आहे तुमच्या.

अण्णा : घरही दिसत नाही. नुसतं गोल आभाळ, आणि भोवती लोखंड. आवाजही सगळा स्वतःचाच ऐकू येतो. पाण्याचा.

सीताराम : भ्याला काय? येऊ वर?

अण्णा : नको. बोलत राहा.

सीताराम : काय बोलू? 'वापराचा हेतू.' स्नान लिवतो.

अण्णा : ती दर फेरीला विचारत असे.

सीताराम : काय?

अण्णा : 'अण्णा, आहात ना?' एक फेरी झाली की, 'आहात ना?' दुसरी झाली की पुन्हा. मी तिथे, जिथे आपण आहात, वह्या तपासत बसलेला. चार वेळा सांगायचो, आहे. पाचव्यांदा वैतागायचो. म्हणायचो, मृणालिनी, समोर बसलो आहे, कितीदा विचारशील? मग गप्पच राहू लागलो. सवय व्हावी म्हणून. मी समजत होतो, तिला मी दिसतो आहे.

सीताराम : इथून बी नुसतं लोखंडच दिसतं.

अण्णा : तेरा वर्षं ही टाकी राखली. पातळी पाहिली, गंज पाहिला, पानं काढली. आतून कशी आहे, हे विचारलं नाही.

सीताराम : अण्णा, सही लागेल खाली. हात वाळल्यावर करा. कागद शिडीच्या पायरीवर ठेवतो, वर खडा ठेवतो. उद्या घेऊन जाईन.

अण्णा : आपल्याजवळ आणखी एखादा कोरा कागद असेल?

सीताराम : खात्याचा आहे, मागून कोरा. चालेल?

अण्णा : चालेल. त्याच खड्याखाली ठेवा.

सीताराम : ठेवला. निघतो मी, अजून अकरा घरं आहेत. शेजारच्या कांतावहिनींना सांगून जातो, घटकाभरानं तुम्हाला हात द्यायला. ब्लीचिंग तुम्ही बाहेर आल्यावर त्याच टाकतील, पुडी दारात ठेवतो. तोवर कडेला धरून राहा.

अण्णा : धरली आहे. घट्ट आहे कड.

सीताराम : येतो, अण्णा.

अण्णा : या. सीताराम, जगदीशचंही नाव लिहावं ना पत्रात? नमस्कार कोणाला कळवायचा, आशीर्वाद कोणाला, सारं लिहावं लागेल.

अण्णा : सीताराम?

अण्णा : गेले वाटतं.

अण्णा : आहे, मृणालिनी. इथेच आहे.