‘पडीक’ हा शब्द माझाच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे ज्येष्ठ सभासद माननीय शिवराम साहेब, मंचावर विराजमान महिला मंडळाच्या संघमित्राताई, आपले सेक्रेटरी केतनभाऊ, आणि समोर बसलेल्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो, तुम्हाला जय भीम आणि नमस्कार.

इथपर्यंतचं माझ्या लेकानं, प्रितमनं, लिहून दिलंय. पुढंही दोन पानं आहेत, पण त्यात जोडाक्षरं फार. मी दुसरी शिकलेली बाई, जोडाक्षर आलं की माझी गाडी अडते. म्हणून कागद ठेवते बाजूला आणि आपली बोलते. केतनभाऊ, तेवढा एसी कमी करा, गुडघे धरलेत.

माझी नात मैत्री पवनचक्कीच्या कंपनीत इंजिनियर आहे, हे तुम्हाला मी लिफ्टमध्ये शंभरदा सांगितलंय. आता तिची बदली झाली, म्हणून तुम्ही तिचा हा सत्कार ठेवलात, आणि बदली कुठं झाली? बीडकडं, आमच्याच टेकवाडीच्या माळावर! तिथं नव्या पंखेवाल्या चक्क्या उभ्या करायच्यात. सकाळपासून तीनदा साडी बदलली मी आनंदानं. संघमित्राताईंना विचारा, पिना त्यांनीच लावल्या. आणि ह्या पोरीनं सीवूड्सच्या मॉलमधून डोंगरात चालायचे बूट आणलेत. ज्या माळावर आम्ही अनवाणी नाचलो, तिथं बूट!

आम्ही म्हणजे मी आणि बायजाबाई. एकाच वस्तीवरच्या, एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. बायजाच्या अकरा शेळ्या होत्या आणि अकरांना नावं होती. एक तर फार भांडखोर, तिला ती माझ्या नावानं हाक मारायची. हसा, हसा. मीही हसायचे.

पंधरा वर्षांमागं मी ग्रामपंचायतीत मेंबर होते. तेव्हा पहिल्या चक्क्यांसाठी साहेब लोक गावात आले. सभा भरली. साहेबांनी मला विचारलं, “बाई, वरचा माळ पडीक आहे ना?” मी ताठ उभी राहून म्हटलं, “हो साहेब, पडीकच आहे.”

आता तुम्ही म्हणाल, यात काय चुकलं? आमच्याकडं रान थकलं की त्याला पडू देतात. पडलं की गवत येतं, गवतावर शेळ्या जगतात. पडीक म्हणजे विसावलेलं रान. मला वाटलं, मी माळाचं कौतुक करतेय. साहेबांच्या वहीत पडीक म्हणजे कुणाच्याच कामाचं नसलेलं. मला काय ठाऊक? ठरावावर मी सही केली. अंगठा नव्हे हो, सही! केवढा तोरा होता मला त्या सहीचा.

महिनाभरात माळाला तारेचं कुंपण पडलं. चक्क्या वाईट नाहीत, मी त्यांना नावं ठेवत नाही. कुणी सांगावं, हा एसी आमच्याच वाऱ्यावर चालत असेल. पण बायजाला शेळ्या घेऊन डोंगराला वळसा घालावा लागायचा, आणि तिचे पाय काही माझ्यापेक्षा तरणे नव्हते. एकेक करत शेळ्या विकल्या गेल्या. शेवटी माझ्या नावाची तेवढी राहिली, मग तीही गेली. त्या दिवशी बायजा माझ्या दारात आली आणि म्हणाली, “सही करायला शिकलीस गं, मला विचारायला नाही शिकलीस.” एवढंच. नंतर ती माझ्याशी बोलली नाही. पुढं मी इकडं लेकाकडं राहायला आले. प्रितम, घड्याळ दाखवू नकोस, मला वेळ कळते.

मागच्या रविवारी मैत्री कम्प्युटरवर नव्या चक्क्यांच्या जागेचा फॉर्म भरत होती. मी चहा ठेवायला गेले आणि एक शब्द दिसला. त्यात जोडाक्षर नव्हतं, म्हणून वाचता आला. पडीक.

मी विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?”

“अगं आजी, गावाचा जुना ठराव आहे. त्यात लिहिलंय.”

“खाली सही कुणाची आहे बघ.”

तिनं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही.

“मग मी काय लिहू?” ती म्हणाली.

“काहीच लिहू नकोस. आधी बायजाबाईला विचार, उरलेल्या माळावर अजून कोण-कोण शेळ्या नेतं, कुठल्या वाटेनं नेतं. सगळ्यांना विचार. मग लिही.”

“ती बोलेल माझ्याशी?”

“तुझ्याशी बोलेल.”

“आणि तुझ्याशी?”

मी निवलेला चहा आत न्यायला उठले. तशी ही बूटवाली म्हणते, “मग तूही चल. विचारायला शिकू दोघी.”

तर मंडळी, शाल तुम्ही मैत्रीला दिलीत, पण उद्या सकाळच्या गाडीची तिकिटं दोन आहेत. पिशवीत बायजासाठी एक लुगडं ठेवलंय. ती ते घेईल की दारातूनच परत धाडेल, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी ह्या शहरात नुसती तिला काय म्हणायचं ते जुळवत बसले.

तुम्ही माझ्या नातीचा मान केलात, माझं लांबण ऐकून घेतलंत, उपकार आहेत तुमचे. बोलण्यात कुठं वेडंवाकडं गेलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. तुमची माफी इथंच मागते. दुसरी एक उरलीय, ती तिच्या दारात जाऊन मागते.

जय भीम.