हौदाला चार टिकल्या

अहो, विश्वासच ठेवायला तयार नाही कुणी! आठ वर्षं त्या हौदात झाडू मारला मी, रोज संध्याकाळी तीस-चाळीस पोरं चाकाच्या फळ्या घेऊन त्यात घरंगळायची हे या डोळ्यांनी बघितलं, आणि तो पालिकेचा इंजिनीअर मलाच म्हणतो, "मावशी, तसं असतं तर कागदावर दिसलं असतं की!" म्हणजे कागदाला दिसली नाहीत म्हणून पोरं नव्हतीच? भुतं यायची का मग फळ्या घेऊन? वर म्हणतो, "आम्ही लोकांना विचारूनच केलंय."

ऐकलंत? लोकांना विचारूनच केलंय!

तुम्हाला सांगते, आमच्याकडे स्केट पार्क म्हणून एक जागा आहे. सिमेंटचे दोन उतार, एक लोखंडी दांडा आणि मधोमध तो गोल, खोलगट हौद. पाणी नाही हो त्यात, कोरडा ठणठणीत. पोरं त्याला बाउल म्हणतात. या काठावरून सुटायचं, तळाला जायचं, त्या काठावर उगवायचं! तळाला तडे गेले, चाकं अडकायला लागली, म्हणून दुरुस्ती निघाली. आणि दुरुस्ती म्हटली की सभा आलीच. भिंतीवर चार चित्रं टांगलेली... नवा हौद, सावलीतला बाक, फुलझाडं, चालायची वाट. घरटी एक लाल टिकली, म्हणजे तो चिकटायचा गोल कागद हो, हवं त्या चित्रावर लावायची. ज्यांना जास्त टिकल्या ती पहिली दोन कामं होणार, बाकीची रद्द. आणि सभा कधी? सकाळी अकराला! पोरं सगळी शाळेत! नवरदेव घरी आणि वरात निघाली!

पण नाही, लोकांना विचारूनच केलंय.

माझी पोरगी सोळाची. तिचा बाप जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात तिचं बोलणं म्हणजे "हं" आणि "नको". जेवतेस? हं. दुखतंय का काही? नको. अगं, दुखतंय का विचारलं, नको काय? काही नाही, पांघरूण डोक्यावरून. पण हौदात उतरली की निराळीच! खालून ओरडायची, "आई, बघ, बघ ना गं!" आणि आपटली की खदाखदा हसायची. गुडघा फुटलाय, रक्त येतंय आणि ही हसतेय, अगदी बापासारखी, नाक वर करून! मी झाडू धरून ऐकत राहायची. दिवसभरात तेवढीच माझी लेक मला मिळायची.

सभेच्या दिवशी शाळेला निघालेली दारातून परत फिरली. "आई, आपली टिकली हौदावर लाव हं." एवढं लांब वाक्य दोन वर्षांत घरात बोलली नव्हती हो!

गेले मी. सकाळपासून वाकून वाकून गुडघ्यांची बोंब, त्यात रांग. समोर ते बाकाचं चित्र. पाठ टेकायला फळी, वर छप्पर, आणि मेल्यांनी त्यावर एक बाईसुद्धा बसवली होती, पाय लांब करून! मी म्हटलं, हौद तर होणारच, एवढ्या पोरांच्या आया आल्यात. आपण दुसऱ्या कामाला हात लावू. बसून बघेन लेकीला. लावली बाकावर.

मोजणी झाली. बाक सदतीस, फुलझाडं अकरा, वाट सहा, हौद चार.

चार!

शेजारच्या शिलाईवालीला गाठलं. "काय गं, तू कुठे लावलीस?"

"बाकावर. तुझी रोज हौदात असते ना, म्हटलं तू लावशील तिकडे."

"आणि तुझा कुठे असतो?"

"तोही हौदातच."

जिला विचारावं तिचं हेच! धावत गेले इंजिनीअरकडे. म्हटलं, माझी टिकली काढ आणि हौदावर लाव. तो हसला. "मावशी, एका टिकलीने काय होणार?" अहो, मीही तेच म्हटलं होतं रांगेत!

चार ट्रक माती आली. दुरुस्ती रद्द म्हणून हौद भरला, वर फुलझाडं लावली. पोरगी कुंपणाला धरून बघत होती, फळी काखेत. म्हणाली, "आई, त्या चारांतली एक आपली ना?"

तुम्हाला सांगते, या जिभेला मुकादम घाबरतो. पण एक 'हो' म्हणायचं सोडून मी वाकून ट्रकची सांडलेली माती झाडायला लागले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ओरडली असती, फळी फेकून मारली असती तर बरं झालं असतं. नुसतं "हं" म्हणाली. घरी येऊन फळी माळ्यावर टाकली.

आता बायका बाकावर बसून इंजिनीअरचा उद्धार करतात. "त्याच्या हाताला लकवा भरो, पोरांचा हौद बुजवला!" मला सरकून जागा देतात, "बस गं, दमली असशील." मी नाही बसत. मी त्यांच्या पायांखालचा पाला काढते आणि म्हणते, त्याला कशाला शिव्या देता? त्याने लोकांना विचारूनच केलंय. आमच्या घरातून ज्या माणसाला विचारलं, त्याला द्या.

"कोणाला गं?" म्हणतात.

पोरीच्या आईला.