आजेसासऱ्यांच्या बाँबवर नारळ

दसऱ्याला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या भावानं आमच्या मुखेडच्या घरात पाय ठेवला आणि ओरडलाच, "मावशी, थांबा! नारळ फोडू नका!"

सासूबाईंचा हात वरच राहिला. पाटावर विळा, कुऱ्हाड आणि आजेसासऱ्यांनी आणलेलं बाँबचं रिकामं टरफल होतं. आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात विमानतळावर होते, चार पंख्यांच्या अजस्र विमानांत बाँब चढवायचे. येताना ही आठवण आणली. दर दसऱ्याला नारळ त्याच्यावरच फोडायची आमच्या घरची रीत.

भाऊ फौजेत आहे. वाकून बघितलं अन् हळूच म्हणाला, "अक्का, हे टरफल न्हाई. आत भरलेलं हाय."

सकाळीच मी ते विटेनं खसाखसा घासलं होतं, आणि माझी दोन वर्षांची परी मघाशी त्याच्यावर बसून घोडा घोडा खेळली होती! तिला उचललं आणि आम्ही सगळ्यांनी पळत शाळेचं मैदान गाठलं.

भावानं फोन केला, दुपारी नांदेडहून पोलिसांचं बाँबपथक आलं. साहेबांनी तपासलं आणि हसले. "ताई, सरावाचा बाँब हाय. आत निस्ती वाळू."

परीला कवटाळून मी रडलेच. सासूबाई मात्र फुगल्या. "मामंजी तर सांगायचे, असा एक टाकला की अख्खं रंगून हादरायचं!"

साहेब म्हणाले, "हा टाकला असता तर आजी, कुणाच्या तरी डोळ्यात वाळू गेली असती."

पण बायांनो, प्रत्येक बाँबात वाळूच नसते. घरात लढाईतलं असलं लोखंड असेल तर ठोकू नका, पोलिसांना कळवा. आणि एवढं आपल्या बचत गटात सगळ्यांना सांगा.