सिलिंडरमधला बंब

हा किस्सा मी १९७२च्या जानेवारीत, मँचेस्टरला, माझे घरमालक डॉ. कुलकर्णी यांच्याकडून चहा घेताना ऐकला. नवा बॉइलर बसल्यापासून त्यांच्या आई खोकला असूनही थंड पाण्याने अंघोळ करू लागल्या होत्या.

“खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधून घरभर फिरून आलेलं पाणी मी पूजेआधी अंगावर घेणार नाही,” असे त्या म्हणत.

अखेर डॉक्टरांनी बॉइलर बसवणाऱ्या प्लंबरला बोलावले. त्याने कागदावर सिलिंडर, म्हणजे गरम पाण्याची टाकी, काढून दाखवला: बॉइलरचे पाणी आतल्या तांब्याच्या वेटोळ्यातूनच परत जाते, आणि भोवतीचे नळाचे पाणी त्याला न शिवता तापते.

चित्र पाहून आई मुलाला म्हणाल्या, “अरे, हा तर आपला बंब. निखारे नळीत, पाणी भोवती. एवढा डॉक्टर झालास, आधी सांगायचंस ना.”

त्याच गरम पाण्यावर मी दुसरा हिवाळा काढतो आहे, म्हणून मी त्या प्लंबरचा मनापासून ऋणी आहे. तो आता इतर घरांतही ‘बंब’ म्हणूनच समजावतो, असे डॉक्टर सांगतात. तेवढ्याची मात्र मला खात्री करता आलेली नाही.