चौतिसावा प्रश्न

— खोडू नको! बैल खोडायचे न्हाईत. तू काय इचारलंस, तुमच्या गटात सदस्य किती? मी सांगितलं चार. एक मी, एक पलीकडचा आब्या, माझा हरन्या आन् आब्याचा चिमन्या. आता त्यातलं दोन बैल हायत ह्यात माझा काय दोष? सावड म्हंजे काय वाटलं तुला? त्याच्याकडं एक बैल, माझ्याकडं एक बैल, दोन्ही मिळून एक औत — आज त्याच्या रानात, उद्या माझ्या रानात. बैल खोडलं की राहिलं काय? दोन म्हातारी. त्यांच्यानं काय उगवतंय? तुझ्या कालेजातल्या मॅडमला चालत नसंल तर मॅडमला म्हनावं एकदा जुवाखाली मान घालून बघ. चार लिही. हां. आता म्होरं वाच.

थांब, च्या घे आधी. आमच्या बायकूनं, झुंबरबाईनं, गूळ जास्ती टाकलाय, पावना आला की तिचा हात सैल सुटतो, मला एकट्याला बिनगुळाचाच असतो. तर सुकन्या नाव न्हाई का तुझं? आन् हे शिकन एमेचं, चार मान्सं एका कामाला लागली की कशी वागत्यात त्याचं? दोन वर्सं? बाय माझे, दोन वर्सं! मी दुसरीतनं पळालो, मास्तरच्या छडीपायी, आन् सत्तर वर्सं मान्संच बघतोय — मला कुनी कागद दिला का? न्हाई, शिक की, मी कुठं नको म्हनतो. बाकीची पोरं कंपन्यांत जाऊन कागद वाटत्यात आन् तू आमच्या जामखेडच्या उन्हात आलीस, ते बरं केलंस. पन एक सांग, कागद वाचून दाखवताना वर दोन नावं छापलेली हायत म्हनालीस — एक तुझं, दुसरं कुना करनचं. आलीस एकटी. करन कुठाय? ... बोलत न्हाई? तू बोलत न्हाईस का तो? म्हंजे दोघंबी! वा गं वा. आन् मला इचारतीस, गटात भांडन झालं तर मिटवता कसं. हसू नको, च्या सांडंल.

हां, इचार. संवाद कसा चालतो? चांगला चालतो. लिही, चांगला. ह्या पाच चौकटी कशाला गं, लई चांगला, बरा, मधला? आमच्याकडं दोनच असत्यात, व्हय आन् न्हाई. बरं, ती दुसरी धर. ... झुंबरे, तू आतनं खोकू नको! पोरगी कागद भरतीया, तुझ्या खोकल्याला त्यात चौकट न्हाई. — हां, ती म्हनतीया खरं सांग. खरं काय सांगायचं त्यात? नऊ वर्सं झाली, मी आन् आब्या बोलत न्हाई. त्यानं काय बिघडलं? पेरनी थांबली का? कोळपनी थांबली? एक दिवस न्हाई. बोलायचं असलं की आमी बैलाशी बोलतो. तो औताच्या म्होरनं म्हनतो, चिमन्या, लिंबाखाली कळशी भरून ठेवलीया रं, कुनाला तहान लागली असंल तर. मंग मी म्हनतो, हरन्या, कुनाला तरी सांग, भाकरी सुटली, ठेचा लई तिखट हाय, पोट सांभाळून खा. बैलं शहानी हायत, निरोप पोचिवत्यात. बायका तर काय, दोघी दिवसभर बांधावर बसून बोलत्यात, आमच्या वाटचंबी बोलून टाकत्यात. तुझ्या कागदात ह्याला काय म्हनत्यात? काय न्हाई? मंग दोन वर्सं शिकिवलं काय?

भांडन कशावरनं — ते कागदात हाय का तुझ्या? न्हाई ना? मंग कशाला इचारतीस. सांगतो. नऊ वर्सांमागं ज्वारी पेरली, त्या सडकंच्या कडंच्या पट्टीत. पेरायची तिफन मी हाकली. पंधरा दिसांनी उगवून आली तर हा आब्या चहाच्या टपरीवर, सात-आठ मान्सांच्या म्होरं काय बोलला म्हाईत हाय? म्हनं, बन्सीनं अवंदा ज्वारी न्हाई पेरली, साप पेरलाय, बघा कसा वळवळत चाललाय! सगळी खिदळली. एष्टीतनं उतरनारी मान्सं बघायला थांबायला लागली. चार म्हयनं, पोरी, कनसं कापूस्तवर ते तास, म्हंजे पेरनीची वळ, असं सडकंवर उघडं — झाकायचं कशानं? तवा मी उठलो टपरीवरनं, तो शेवट. तास वाकडं न्हवतंच. जमीन तशी हाय ती. उतार हाय तिला.

तवापासनं काय झालं, तर म्होरल्या वर्सी पेरनीला आला, कासरा धरला आन् बैलाच्या म्होरं चालायला लागला. शिकलेल्या बैलाच्या म्होरं कोन चालतं? कुनी न्हाई. चिमन्या असला की डोळं झाकून तास धरंल असा बैल — त्याला म्होरं मानूस कशाला पायजे? पन हा चालतो. त्याच्या रानात न्हाई चालत हां, तिथं तिफन तो सोता हाकतो. माझ्याच रानात. पांढरं मुंडासं बांधून, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर. मला आपलं मुंडासं तेवढं दिसतं, मी त्याच्यावर नजर ठेवतो आन् येतो मागनं. ... न्हाई, बाकीचं न्हाई दिसत. म्हंजे दिसतं, पन धुरकट. ह्या उजव्या डोळ्यानं तर — अगं, वय झालं का न्हाई मान्साचं? शिबिरवाली मान्सं म्हनली मोतीबिंदू हाय, मी म्हनलो ऱ्हाऊ द्या. झुंबरेला म्हाईत न्हाई. तू हळू बोल. कागदात घालू नको हे. आठ वर्सं झाली, एक तास वाकडं न्हाई गेलं माझं.

आता कितवा आला? एकतीस. थांब, मधलं सोडून दे. तो चौतिसावा वाच बरं. ... मला कसं ठाऊक म्हंजे? सकाळी तू आब्याच्या ओसरीला बसून वाचत हुतीस, भितीला कान हायत, आन् ह्या भितीला तर माझाच कान हुता. वाच की! — "येत्या वर्षात हा गट सोडून जाण्याचा विचार तुमच्या मनात येतो का." हां. ह्योच. हे वाचलंस तवर सगळं नीट ऐकू आलं. मंग तो काय बोलला? मला ऐकू आलं न्हाई, त्या वक्ताला नेमका कुत्रा भुकला. कंच्या चौकटीत खूण मारली त्यानं?

अगं, नाव कुनाला कळनार न्हाई हे मलाबी सांगितलंस, पन नाव म्हाईत हाय मला! सत्तर वर्सं म्हाईत हाय! मला नाव नको, खूण दाव. पिशवी उघड, कागद काढ, लांबनं दाव. मला अक्षर कुठं वाचता येतंय, नुसती खूण डावीकडं हाय का उजवीकडं ते बघतो. ती पिशवी अशी छातीशी धरू नको, मी काय चोर हाय? ... बरं. मंग असं कर. साठ कागद लागत्यात म्हनलीस. आब्याचा एकुनसाठावा, माझा साठावा. माझ्यावाचून अडलंय तुझं. मी सही करतो, तू खूण दाव. न्हाई? मॅडम घरी बसविल? भारी कडक बाई दिसतीया.

ऐक मंग. त्याचं पोरगं, कल्यान, तिकडं चाकनला कंपनीत हाय. परवा टेम्पो घिऊन आला. संगं एक व्यापारी. झुंबरेनं भितीवरनं बघितलं, व्यापाऱ्यानं चिमन्याचं तोंड उघडून दात बघितलं, शेपटी उचलली, पाठीवर थाप मारली. उद्या बाजार. बैल इकायचा, घराला कुलूप लावायचं आन् म्हाताऱ्या-म्हातारीला पोराकडं जायाचं, असं झुंबरेनं बायकांतनं ऐकलंय. जा म्हनावं. मला काय करायचंय? हरन्याला दुसरा बैल चालत न्हाई, दुसरा शेजारी आला की जू झुगारून बसतो, ते जाऊ दे. पेरनी आठ दिसांवर हाय, तेबी जाऊ दे. पन म्होरं — माझ्या रानात म्होरं चालनार कोन? कल्यानचा टेम्पो?

काय गं, खाली बघून काय हसतीस? मी काय इनोद केला? ... सांग की. बोलता येत न्हाई म्हनतीस आन् हसू आवरत न्हाई तुला. — थांब. थांब थांब. सकाळी त्यानं तुला काय तरी इचारलं. माझा कागद भरला का म्हनून? ... भरून झाला की त्या चौतीसच्या चौकटीत माझी खूण कुठं पडली ते सांग म्हनाला? त्यानंबी सही करनार न्हाई म्हनून अडवलं तुला? मान हालवू नको, काय सांगू नको, मॅडम वरडंल. कळलं मला.

सरक, वाटंतनं बाजूला हो. आब्या! ए आब्या! — तू कशाला दचकतीस, माझा आवाज असाच हाय. आब्या! अरे, ते तास वाकडंच हुतं! ऐकू आलं का? साप हुता साप!

... काय म्हनला? झुंबरे, काय म्हनला तो?

"म्हाईत हाय." बघ. बघ ह्याला! नऊ वर्सांनी तोंड उघडलं आन् बोलला काय, तर म्हाईत हाय. ... आता काय म्हनतोय? पेरनी कवा धरायची? अरे, उद्या तुझा बाजार हाय ना! ... चिमन्या इकत न्हाई? बरं. बरं. मंग धरू की. आलो, आलो, वरडू नको, गाव जमंल.

माझी काठी दे. आन् तू ऊठ आता पोरी, मांडलेलं आवर. चौतीसला काय मारायचं ते मार तुझ्या मनानं. आमाला काम हाय.