मौझाबाईंचा पाच वॅटचा आवाज

शर्यतीच्या सकाळी उंटमालकांच्या रांगेत बिदियाच्या मौझाबाई माझ्या पुढे होत्या. खिडकीत वॉकीटॉकी तपासायला मुसल्लम बसला होता; इथं उंटांवर स्वार नसतात, मालक शेजारून गाडी हाकत वॉकीटॉकीवर बोलतात आणि उंटाच्या पाठीवरच्या कर्ण्यातून ते त्याला ऐकू जातं.

“मावशी, हा वॉकीटॉकी पाच वॅटचा आहे. परवाना नसेल तर अर्ध्याच वॅटचा चालतो.”

“अर्ध्या वॅटनं गाडीतून माझ्या उंटिणीला काय ऐकू जाणार, कपाळ?”

“मागच्या वेळी सगळ्याच उंटांच्या पाठीवरच्या कर्ण्यांतून तुम्हीच बोलत होतात.”

“मग? बाकीच्यांचेही पळाले ना जोरात?”

“पळाले. पण तुमची पहिली आली, तुम्ही ‘थांब, पोरी’ म्हणालात, आणि मागचे अकरा उंट रेषेच्या अलीकडेच थांबले!”

मौझाबाईंनी वॉकीटॉकी हळूच पिशवीत सरकवला.

“हा आत जाणार नाही, मावशी.”

“बरं. आण तो अर्ध्याचा.”

“पोचेल ना आवाज?”

“गाडी इतकी जवळून हाकेन, की हा बंद पडला तरी माझी हाक तिच्या कानात पडेल.”